समुद्राकाठचा बांध

जुई आणि ईशान, तुमचे आजोबा गेल्याचं मला कळलं ते नवं घर बांधणाऱ्या ठेकेदाराच्या फोनवरून. अंबाजोगाईच्या घरी दुपारी मी पडद्यांना इस्त्री करत होते. "आजी, आजोबा उठत नाहीयेत," एवढंच तो म्हणाला. कोकणातल्या आपल्या जागेशेजारी त्यांनी भाड्यानं घेतलेल्या खोलीत जेवून पडले, ते तसेच. दाराबाहेर चिखलानं भरलेलं फावडं टेकवलेलं होतं... सकाळभर ते बांध लिंपत होते. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. या बांधाबद्दल तुम्हांला काहीच ठाऊक नाही, म्हणून आता काही आठवड्यांनी लिहायला बसले आहे.

जुई, तू मागे मे महिन्यात इथे आली होतीस. टँकरचे दिवस होते. दात घासताना तू नळ सुरूच ठेवलास आणि आजोबा केवढ्यानं ओरडले! तू रडलीस, ते मात्र त्या दिवशी जेवलेच नाहीत. मांजरसुंब्यापलीकडच्या त्यांच्या गावात लहानपणी विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं घागर भरलेला माणूस तो. "पान्यापायी नातीवर वरडलो मी," ते म्हणत राहिले. "पोरांनी नळ सोडला तरी कुणी बोलणार न्हाई, असं घर पायजे." समुद्राजवळची ती जागा त्यातून आली. उताराची, करवंदीच्या जाळ्यांनी भरलेली. या वयात त्यांनी उभं राहून जाळ्या तोडून घेतल्या, दगड वेचून घेतले. मी घराचा आराखडा काढला. तुमच्या खोलीची खिडकी समुद्राकडे.

आणि पायाचे चर खणण्याआधी त्यांनी काय करावं? जागेच्या खालच्या कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मातीचा भक्कम बांध घालून घेतला. इथल्या शेतात घालतात तसा. त्यांचे धाकटे भाऊ भानुदास भावजी हसायलाच लागले. "दादा, खाली समुद्र हाय. त्याला पानी कमी पडतंय व्हय?"

"गप बे. आपल्या रानातलं पानी आपल्याच रानात जिरलं पायजे."

इथं जन्मभर हेच खरं होतं. तिथं पाऊस लागला आणि जागेचं तळं झालं. पायाचे चर भरले, त्यांच्या कडा ढासळल्या. ठेकेदार म्हणाला, बांध फोडल्याशिवाय काम पुढे जाणार नाही. आम्ही दोघं छत्री घेऊन बांधावर उभे राहिलो. त्यांनी कुदळ हातात घेतली, थोडा वेळ धरली आणि खाली ठेवली. "मला कळत न्हाई असं न्हाई गं," ते म्हणाले. "पण हात उठत न्हाई."

आम्ही परत आलो. मग एक दिवस ठेकेदारानं कळवलं की बांध एका जागी आपणहून खचतो आहे. "पाया बघून येतो," म्हणून हे एकटेच निघाले. मला वाटलं, फोडायलाच चाललेत. मी दशम्या बांधून दिल्या... आणि त्यांनी तिथं जाऊन, भर पावसात, ती खचलेली जागा बुजवली.

त्या चिखलाचा मला राग येतो. त्यांचाही येतो, आला की तो कुणापाशी काढावा हे समजत नाही. भावजी म्हणतात, "वहिनी, नका ठेवू ती जागा. दादाला खाल्लं तिनं." तुम्ही मात्र कॉलवर विचारलंत, "आजी, घर होणार ना?" मी त्या दिवशी विषय बदलला.

आज सकाळी ठेकेदाराला फोन केला. "बांध फोडा."

"आत्ता, आजी?"

"आत्ताच. आणि फोन चालू राहू द्या."

कुदळीचे घाव ऐकू आले. मग काही नाही. मग पाणी... ते बराच वेळ जात राहिलं. मला हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. त्यांनी अडवलेलं पाणी मी सोडून दिलं. त्यांना हवं असलेलं घर आता उभं राहील. दोन्ही गोष्टी मला एका जागी ठेवता येत नाहीत.

फोन ठेवून स्वयंपाकघरात आले. मोरीजवळ त्यांचा टप आहे. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी ते त्यात साठवत. टप काठोकाठ भरला होता. मीच भरला असणार, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. दोन्ही हातांनी उचलला आणि थेंबही सांडू न देता परसातल्या लिंबापर्यंत नेला.