निघोज्याची तांबडी रेघ

भाची मंदाचा फोन आला. "मामा, बुधवारी कंपनीचा माणूस माझं चित्र तपासायला येतोय. तुम्ही असलात तर धीर येईल." चित्र तपासायला! वीजमीटर तपासतात, रक्त तपासतात. तो शब्द ऐकूनच मी निघायचं ठरवलं.

नकाशावर पिंपळे गुरवहून निघोजे हाकेच्या अंतरावर दिसतं. नकाशा काढणारा त्या रस्त्यानं कधी गेलेला नसावा. साडेसातला नाशिक फाट्यावर चाकणची बस धरली. तुम्ही सहाची धरा. मोशीपर्यंत कंटेनरांच्या मागून तासभर रांगलो. पुलावरून इंद्रायणी दिसली. शाळेत नदीवरची कविता मी सगळ्या वर्गाला चालीवर म्हणून दाखवायचो. ती ओठावर आली आणि पाण्यावरचा फेस बघून परत गेली.

शेजारचा कामगार म्हणाला, "काका, नवीन का? खिडकी लावा, वास येईल."

कुरुळी फाट्यावर मिसळ घेतली. रश्शात मटकी शोधावी लागली, तेव्हा डबा न्या. तिथून सहा आसनी रिक्षा मिळते, पण अकरा जण बसल्याशिवाय हलत नाही.

मंदा निघोज्याची सून. सासरची जमीन कंपन्यांत गेली, गोठा उरला. त्यात ती चित्रं काढते. म्हणजे ती त्याला चित्रं म्हणते. आधी आलेखाच्या कागदावर मोजूनमापून आराखडा, कॅनव्हासवर पट्ट्या चिकटवून चौकोन. मग मनात येईल तेव्हा पट्टी ओढून काढायची आणि हात जाईल तिकडं ब्रश. "निम्मं ठरवते, निम्मं होऊ देते," हे तिचं उत्तर. मी वृत्तात बसलेल्या कवितांवर वाढलेला माणूस. ना झाड, ना माणूस, ना नदी, असल्या रंगाला मी तिच्या तोंडावर भिंतीची ओल म्हणत आलो.

या वेळचं चित्र मात्र कंपनीच्या दर्शनी भिंतीसाठी होतं. दोन महिन्यांचं काम. नापास झालं तर तिथं छापील फ्लेक्स लागणार. तिथल्या फाटकातून मंजूर ड्रॉइंगशिवाय खिळाही आत जात नाही, म्हणून मंदानं आराखड्यावर कंपनीची सही आधीच घेतली होती.

दहाला कंपनीच्या क्वालिटी खात्याचा माणूस गोठ्यात आला. लातूरकडचा, गळ्यात ओळखपत्र, हातात मोजायचा टेप आणि ते सहीचं ड्रॉइंग. त्यानं खरोखर एकेक करडा चौकोन मोजला. टिक. टिक. मग थांबला.

"मॅडम, तांबडी रेघ ड्रॉइंगमधी इथं संपते. तुमची वीतभर पुढं गेली बघा."

"ती तिथं थांबेना."

"म्हंजे?"

"हात पुढं गेला. आणि बरोबर गेला."

"फरकाचं कारण काय लिहू? हात गेला? वरून करडा मारा ना, पाच मिनिटांचं काम हाय."

दारातून मंदाच्या सासूबाई कडाडल्या, "काय न्हाई मारायचा! बांधावानी हाय ती रेघ. काढली तर समदं उघडं पडंल."

मी पुढं झालो आणि तेवढी वीत तळहातानं झाकून पाहिली. चौकोन फरशीसारखे निपचित पडले. हात काढला, तर सगळे एकदम त्या रेघेकडं झुकले. मला राग आला, माझाच.

"रंग मारायचा नाही," मी म्हणालो.

"तुम्ही कोण?"

"मामा."

हा हुद्दा त्याच्या यादीत नसावा.

मंदानं वाद घातला नाही. त्याच्या हातातलं ड्रॉइंग घेतलं, फूटपट्टी लावली, कागदावरची रेघ मापानं पुढं नेली आणि कोपऱ्यात 'सुधारित' लिहिलं. "आता?"

टेप पुन्हा लागला. "आता जुळतंय की!" त्यानं लगेच साहेबांना फोन लावला. "सर, ड्रॉइंग रिव्हाइज झालंय. हो सर, जॉब ओके." आणि सही ठोकली. धन्य ते कारखाने! डोळ्यांसमोरचं चित्र चूक होतं, कागद बदलला आणि ते बरोबर झालं.

गाडीपाशी जाऊन तो परत आला, रेघेसमोर जरा थांबला. "खरं सांगू मॅडम? ती तिथवरच चांगली वाटते. पण आमच्या फॉर्ममधी त्याला रकाना न्हाई."

परतीला तीन तास लागले. बायकोनं विचारलं, "पाहण्यासारखं आहे का काही तिकडं?" रस्त्यात काही नाही, फाट्यावर तर नाहीच. आता ती रेघ भिंतीवर लागेल आणि खालून जाणाऱ्या साहेबांना वाटेल, आपणच मंजूर केली. वाटो बापडे.

निघताना मी मंदाला एवढंच म्हणालो होतो, "बरं झालंय." त्या माणसाकडं निदान फॉर्मची सबब होती, माझ्याकडं तीही नव्हती.