आंदणातला मोह

लेकीला जमीन द्यायची म्हटली की बाप हात आखडता घेतात. झाड द्यायला काय जातं! देवरीकडच्या जंगलपट्टीत रुख्माच्या बापानं तिला लग्नात आंदण म्हणून शेतातला मोह दिला. झाड लेकीचं, खालची जमीन लेकाची. आपलं म्हणावं असं तिच्याकडं जगात तेवढंच होतं.

नवरा वारल्यावर तर तोच आधार; फुलं विकून घर चालायचं. मोहफुलं गळू लागली की ती लेकीला, शामकलाला, घेऊन माहेरी यायची. धाकटा भाऊ सेवकराम ओसरी मोकळी करून द्यायचा, भावजय भात वाढायची. फुलं सरेपर्यंत रुख्मा त्या घरची लेक असायची. शामकलाच्या लग्नात हेच झाड तिला द्यायचं, हे तिनं केव्हाच ठरवलं होतं.

फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला आधी जाळायचा, ही तिकडची रीत. आईनं शिकवलं तसं रुख्माही जाळायची. विस्तव दरवर्षी बुंधा चाटत होता, बुंध्यात ढोली वाढत होती, आणि फुलांकडं बघणाऱ्या डोळ्यांना ती दिसत नव्हती. २००८च्या चैतात विस्तव थेट ढोलीत शिरला.

वरच्या फांदीतून धूर निघू लागला तेव्हा मायलेकी विहिरीकडं धावल्या. हंडे ओतले, चिखल थापला, पण आतली आग ऐकेना. रुख्मा उघड्या हातांनी निखारे ओढू लागली. शामकला तिला मागं खेचत होती.

"सोड मले," रुख्मा म्हणाली. "माह्याच हातानं जळून राहिला तो."

दुसऱ्या दिवशी दुपारी झाड कोसळलं. घरचं माणूस गेल्यावर रडतात तशी रुख्मा रडली.

सेवकराम काही वाईट माणूस नव्हता. त्यानं तिच्या पोळलेल्या हातांना तेल लावलं, लाकडं तिच्या गावी पोचवून दिली. पण पावसाळ्यात ती मोहाचं रोप घेऊन आली आणि त्याच जागी खड्डा खणू लागली, तेव्हा त्यानं हळूच कुदळ धरली.

"बाई, झाड तुहं होतं. जागा माही हाय. आता तिथं धान लावतो."

"मंग मी इथं यायचं कायले?"

सेवकराम कुदळ घेऊन घराकडं वळला. दोघं ओसरीवर पोचताच, परतीची बस कितीची आहे, असं भावजयीनं आतून विचारलं.