ओटीवरचा उजेड

मी देवापुढे दिवा लावते तोसुद्धा सवयीनं. भुतंखेतं, करणी, उतारा... यातल्या कशावर माझा कधी विश्वास बसला नाही, आणि आता पंचाहत्तरी ओलांडल्यावर तो बसेल असंही वाटत नाही. तरी लिहायला घेतलंय, कारण ही ऐकीव गोष्ट नाही. मी पाहिलेली आहे. आणि पाहणारी मी एकटी नव्हते — अख्खी आळी होती. दुखणं तेच आहे.

साल साठच्या आसपासचं. आम्ही पनवेलला तळ्यामागच्या एका आळीत राहायचो. कौलारू घरं, भिंतीला भिंत लागलेली. माझे वडील — आम्ही त्यांना दादा म्हणायचो — शिवणकाम करायचे. पुढच्या ओटीवर त्यांचं मशीन आणि त्याच्यावर, आढ्यावरून सोडलेल्या वायरला, एक बल्ब. आळीत वीज येऊन फार वर्षं झाली नव्हती. बहुतेक घरांत असा एकच दिवा.

शेजारच्या घरात सुमनमावशी. नात्यानं कोणी नव्हती, पण तिचे यजमान लवकर गेले तेव्हापासून तिची चूल वेगळी आणि आमची वेगळी असं मला कधी वाटलंच नाही. आमटी इकडून जायची, भाकरी तिकडून यायची. तिची एकुलती एक मुलगी नलू त्या वेळी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. नलूचं सासर पेणचं, आणि सासू भारी कडक.

दिवाळी होऊन गेलेली. पाऊस संपला म्हणून सगळे निर्धास्त होते, आणि खाडीकडून ते वादळ आलं. रात्रभर कौलं उडत होती. आळीच्या तोंडाशी मोठी चिंच होती, ती पडली ती विजेचा खांब घेऊनच. सकाळी बघितलं तर आमच्या घराकडे येणारी तार तुटून चिखलात लोळत होती. मी तिच्यावरून उडी मारली म्हणून आईचा मारही खाल्ला.

तो दिवस कौलं सारखी करण्यात गेला. संध्याकाळी आई कंदिलाची काच पुसत बसली होती. रॉकेल तळाला गेलेलं. दादा म्हणाले, "आज लवकर जेवून घेऊ, अंधारात काय करायचंय?" आणि ओटीवरचा दिवा लागला.

"शालू, स्विचला हात लावलास?"

"नाही दादा."

त्यांनी उठून स्विच वर केला, खाली केला, परत वर केला. दिव्याला काही फरक नाही. ते बाहेर जाऊन आले. सगळ्या आळीत अंधार. मग स्टुलावर चढून त्यांनी भीतभीत बल्बला बोट लावलं आणि आईकडे बघून म्हणाले, "अगं, गार आहे हा."

उजेड नेहमीसारखा पिवळा नव्हता. पातळ केलेल्या दुधासारखा होता. आणखी एक — ओल्या संध्याकाळी दिव्यावर पाखरांची नुसती झुंबड उडते, जेवताना ताटात पडतात. या दिव्याकडे एक चिलट फिरकलं नाही. आईनं हात जोडले. मला मात्र भीती वाटली नाही, अगदी खरं सांगते. बरं वाटलं.

अंधाऱ्या आळीत एका घरात दिवा म्हटल्यावर लोक येणारच. पहिली आली सुमनमावशी, सुपात तांदूळ घेऊन.

"वहिनी, तुमच्याकडे बरी लाइट आली? आमच्याकडे नाही ती!"

"कुठून आली देव जाणे, सुमन. तार तर बाहेर पडलीय."

"आलीय ना? मग सरका जरा तिकडे, निवडते इथेच."

थोड्या वेळात ओटी भरली. कोणी वाल सोलत होतं, कोणी मुलांचे पाढे घेत होतं. आईनं दिवाळीचा उरलेला चिवडा काढला. तारेबद्दल माणसं कुजबुजली, नाही असं नाही... पण त्या उजेडात बसून, आमचा चिवडा खात कुजबुजली. सगळे घरी गेल्यावर दिवा आपसूक मालवला.

दुसऱ्या दिवशी दादांनी बल्ब काढून उन्हात धरला. आतली बारीक तार तुटलेली होती. हलवला की किणकिण वाजायचा. आई म्हणाली, "कुणाला सांगू नका हं." दादांनी तो परत होता तिथे लावला. का लावला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दिवेलागणीला तो परत लागला.

आणि त्याच वेळी नलूला कळा सुरू झाल्या. गाढी नदीला पाणी होतं, रस्त्यावर झाडं पडलेली, डॉक्टर मिळणं शक्य नव्हतं. जवळच्या पाड्यावरची हिराबाई सुईण चिखल तुडवत आली. मूल पायाकडून येत होतं. मावशीच्या घरातलं रॉकेल संपत आलेलं, चिमणी मिणमिणत होती. हिराबाई ओरडली, "मना काय दिसत नाय गं बाय! त्या घरान उजेड हाय, तिकडं न्या पोरीला!"

मावशी धावत आली. तिनं आईचे दोन्ही हात धरले. "वहिनी, तुमच्या ओटीवर घेऊ का तिला?"

"विचारतेस काय? आण आधी!"

दादांनी मशीन सरकवलं आणि ते मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले. आईनं ओटीला लुगडी बांधून आडोसा केला. मी गरम पाण्याचं पातेलं घेऊन दारात होते, म्हणून मला सगळं दिसलं. नलूचं ओरडणं, हिराबाईचे हात, आणि वर तो दिवा — अजिबात न हलता. मुलगी झाली. क्षणभर ती रडलीच नाही आणि मग असं टाहो फोडून रडली की आम्ही सगळ्याच रडलो. मावशी आईच्या गळ्यात पडली. "वहिनी, तुमच्या दिव्यानं माझी नलू वाचली हो! जन्मात विसरायची नाही मी."

हे तिचे शब्द आहेत. माझ्या कानांनी ऐकलेले.

त्यानंतर तो दिवा कधीच लागला नाही. खांब उभा राहिला, वायरमन आला, आळी उजळली, आम्ही नवा बल्ब आणला. पण बोलणं सुरू झालं होतं. ते घर बरं नाही... त्या उजेडाला ऊब नव्हती... मेलेल्या माणसाचं काहीतरी असणार. बोलणारे कोण? वाल सोलणारेच.

ते बोलणं बाजारातून पेणपर्यंत पोचलं. नलूची सासू नातीला बघायला आली ती पाळण्याकडे गेलीच नाही. आमच्या अंगणात उभी राहिली. आळी गोळा झाली.

"एकदाच विचारते," ती म्हणाली. "पोर या घरात, त्या दिव्याखाली जन्मली का? तसं असेल तर मायलेकी दोघींना इथेच ठेवा. आमच्या उंबऱ्याच्या आत घेणार नाही."

आईनं सुमनमावशीकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण विश्वासही होता. आता सुमन बोलेल आणि सगळं मार्गी लागेल, असा.

मावशी म्हणाली, "कसला दिवा? नलू माझ्या घरात बाळंत झाली, चिमणीच्या उजेडात. यांच्या ओटीला आमचा पाय लागलेला नाही."

"सुमन..." आई एवढंच म्हणाली.

"या बाईला सवयच आहे हो गोष्टी रचायची! चमत्कार ऐकून गिऱ्हाइकं येतील, म्हणून नवराबायकोनं उठवलंय हे. आम्ही यांच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाही."

सासू हिराबाईकडे वळली. हिराबाईनं पदर सारखा केला. "माजं ध्यान पोरीकडं व्हतं. दिव्याकडं कोन बगतंय?" बाकीच्यांकडे कोणी पाहिलं की ते खाली बघत होते.

मला ओरडून सांगायचं होतं. आईनं माझा दंड इतका जोरात दाबला की वळ उठले. ती मला घेऊन आत आली आणि तिनं दार लावून घेतलं.

बारसं मावशीच्या घरी झालं. भिंतीपलीकडून पाळणा ऐकू येत होता, गोविंद घ्या, गोपाळ घ्या चाललं होतं. आम्हाला बोलावणं नव्हतं. आई भाकऱ्या थापत होती, थापतच राहिली. घरात खाणारे आम्ही तिघं... आणि परात भरून भाकऱ्या.

नलू लेकीला घेऊन सासरी गेली आणि सुखानं नांदली. आमच्याकडे मात्र शिवायला कपडे येईनात. पुढच्या दिवाळीच्या आत आम्ही ठाण्याला बिऱ्हाड हलवलं. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मावशीच्या घराचं दार बंद होतं. आत ती होती. बांगड्या वाजलेल्या मी ऐकल्या.

माझा मुलगा इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. त्याला विचारलं. तो म्हणाला, कुठून तरी करंट आला असेल. मी म्हटलं, तार तुटलेल्या बल्बचं काय? तर म्हणतो, "आई, तू लहान होतीस." त्याला साक्षीला कोणाला उभं करू? आळीभर साक्षीदार होते, त्यांनी तर तेव्हाच कानांवर हात ठेवले.

तो दिवा कसा लागला हे मला आजही माहीत नाही. कोणी समजावून सांगितलं तर ऐकेन. आई जायच्या आधी काही दिवस मी तिलाही विचारलं होतं, "आई, तुला काय वाटतं, काय होतं गं ते?"

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला.

"दिव्याचं जाऊ दे गं," ती म्हणाली. "सुमननं आदल्या दिवशी येऊन नुसतं म्हणायचं होतं, वहिनी, मला उद्या खोटं बोलावं लागणार आहे... मीच पुढे होऊन खोटं बोलले असते. तिच्या नलूसाठी मी नसते बोलले?"

आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.