पाच घरांची हजेरी

माझ्या घराण्यात चौथीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं; मी अमरावतीच्या कॉलेजातून बी.ए. होऊन आलो. हे मी अजूनही संधी मिळेल तिथे सांगतो, आणि सांगत राहणार. अमडापुराजवळच्या आमच्या गावाला माझा इतका अभिमान वाटला की त्यांनी लगेच एक मंडळ काढून मला त्याचा चिटणीस केलं. मंडळाचं काम एकच : माझ्या थोरल्या भावाची दारू सोडवणं.

भाऊ शेतात खपला म्हणून मी शिकलो. तेवढ्या वर्षांत तोही शिकला, प्यायला. दिवाळी होताच वहिनी माहेरी, डोणगावला निघून गेली. जाताना सांगून गेली, "संक्रांतीले येऊन पाहीन. नीट दिसलं तं राहीन, नाही तं माह्ये भांडे घेऊन जाईन." भांडी गेली की संसार संपला, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मारुतीच्या देवळात सभा भरली. गावातले पाच मानकरी पुढे झाले. मी स्टँपाच्या कागदावर प्रतिज्ञा लिहिली, त्यात तीन ठिकाणी 'सदरहू इसम' घातलं. भावाने सही केली, पाचांनी साक्ष घातली. पाचांतले दोघे साक्ष घालताना स्वतःच जरा डुलत होते, पण कागद पक्का झाला.

नियम असा ठरला की रोज दिवेलागणीला भावाने पाचही घरी जाऊन तोंडाचा वास द्यायचा. पहिला मान पाटलांचा, त्यांचं घर वरच्या आळीत. दुसरा किराणा दुकानदाराचा, तो खालच्या आळीत. तिसरा परत वर, चौथा परत खाली, पाचवा वर. आणि दोन्ही आळ्यांच्या बरोबर मधोमध परवान्याचं दारूचं दुकान! पिणाऱ्याचा जीव ज्या वेळी सगळ्यात जास्त कासावीस होतो, नेमक्या त्या वेळी आम्ही त्याला त्या दारावरून चार चकरा मारायला लावत होतो.

भाऊच म्हणाला, "वरचे तीन घरं आधी करतो, मंग खालचे दोन. एकच चक्कर पडंन."

दुकानदार उसळला, "मंग मी चौथा काय बे? माह्या मानाचं काय?"

मी वहीत लिहिलं, 'मानाचा क्रम कायम.' बी.ए. होतो ना.

वास घेण्याची तऱ्हा तर बघण्यासारखी. पाटलांच्या तोंडात दिवसभर तंबाखू, त्यांना स्वतःशिवाय कोणाचाच वास येत नसे. दुकानदाराला बारमाही सर्दी, तो भावाच्या चेहऱ्याकडे बघून पास करी. आठव्या दिवशी भाऊ झिंगून घरी आला. पुन्हा सभा.

"काऊन बे, पेला?"

"हाव. पाचवं घर झाल्यावर पेलो. हजेरी नाही चुकवली."

पाटील खूप विचार करून म्हणाले, "मंग सहावं घर वाढवा."

ठराव पास व्हायच्या बेतात होता, तेवढ्यात देवळाच्या पायरीशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. नदीकाठी वांगी-कांदे पिकवायची. आमच्या नात्यातली नाही, जातीतली नाही, मानाची तर नाहीच.

"तुमची सभा झाली असंन तं हा माणूस मले द्या," ती म्हणाली. "सांजेले मोट चालते आन दारे धराले कोणी नाही."

"काकू, हा पेताड आहे," मी सावध केलं.

"मी का त्याच्याशी सोयरीक करून राह्यली? मले वाफे भरायचे हायेत."

मंडळाची तशीही दमणूक झाली होती; हजेरी बंद पडली. भाऊ सांजेला मळ्यात जाऊ लागला. एक वाफा भरला की माती ओढून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं, एवढंच काम. मोट हाकायला एक म्हातारा होता. तोही कधीकाळी अट्टल पिणारा, पण त्याला ना घर मानाचं ना नाव मोठं, म्हणून त्याची कशी सुटली हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. मी एका सांजेला वही घेऊन पाहणीला गेलो. भावाच्या हातातलं फावडं थरथरत होतं. पाणी दोनदा फुटलं.

"हात कापते का? कापू दे," म्हातारा वरून ओरडला. "तू पुढचा वाफा पाह्य."

मी विचारलं, "बाबा, तुमची केव्हा सुटली?"

"कोन म्हन्ते सुटली? ह्याच टायमाले येते तल्लफ. आली का मी बैल वळवतो."

यात लिहिण्यासारखं मला काही दिसलं नाही. मी वहीत टाकलं, 'प्रगती समाधानकारक.'

एकदा भाऊ मळ्यात पोचलाच नाही. म्हाताऱ्याने बैल सोडले आणि थेट दारूचं दुकान गाठलं. भाऊ अजून आत न जाता पायरीवरच बसला होता. म्हातारा त्याला म्हणाला, "चाल बे, अर्धा वाफा कोरडा हाय." ना वास घेतला, ना उपदेश केला. दोघं परत गेले. मंडळ त्या वेळी मानाच्या क्रमावर भांडत होतं.

संक्रांतीला वहिनी आली. सोबत तिचा भाऊ, गाडी, आणि भांडी बांधायला दोर. मंडळ फेटे बांधून आमच्या अंगणात हजर.

"सोडवली आम्ही!" पाटील म्हणाले. "वास घेऊ घेऊ नाकं झिजले आमचे."

वहिनीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. नवऱ्याला विचारलं, "सुटली काय हो?"

भाऊ खाली बघत म्हणाला, "नाही. कागदावर सही केल्यावर आठव्या दिवशी पेलो होतो. मंग आजवर नाही पेलो. आज सांजेचं सांगता येत नाही."

पाटील माझ्या कानाशी लागले, "तुह्या भावाले अक्कल नाही. दोन मिनिटं खोटं बोलता येत नाही?"

तिच्या भावाने दोर उचलला. "चाल, भांडे काढ."

"थांब दादा. आजवर हे मले रोज सांगत, सुटली, सुटली. पयल्यांदा नाही म्हनले." मग तिने माझ्याकडे मोर्चा वळवला. "आन भाऊजी, तुम्ही बी.ए. ना? मंग उभे काऊन? गाडीतलं माह्यं कपड्यांचं गाठोडं घरात आना."

मी आणलं. चांगलंच जड होतं.