नारिंगी नेलपॉलिशचे इंडिकेटर

पनवेलच्या एसटी स्टँडमागे माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. हॉर्न, हेडलाइट, इंडिकेटर, काहीही बिघडलं की रिक्षावाले माझ्याकडे यायचे आणि मला उस्ताद म्हणायचे. कितीतरी वर्षं या भागात उस्ताद म्हटलं की मीच. मग दोन हजार दहानंतर कधीतरी समोरच्या गाळ्यात गल्फहून परतलेल्या एका माणसाने दुकान टाकलं, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

त्याने तिकडून एलईडीच्या पट्ट्या आणल्या होत्या. इंडिकेटर दिला की उजेड एका टोकापासून निघून वळायच्या बाजूला धावत जायचा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही बघतच राहिलो, आणि तेव्हापासूनच तो माणूस मला डोळ्यांसमोर नकोसा झाला. कामोठ्याची, रोडपालीची पोरं मोटारसायकली घेऊन त्याच्याकडे रांग लावायची. माझ्याकडे यायचे ते फ्यूज उडालेले टेम्पो.

बरं, भांडावं तर माणूस चांगला. रोज सकाळी "सलाम उस्ताद, तबियत बरी ना?" असं विचारायचा. स्वतःला चहा मागवला की एक कटिंग इकडे पाठवायचा. तो चहा मी प्यायचो आणि घोटाघोटाला जळायचो.

खरा घाव बसला तो खाडीकडच्या गावातल्या एका म्हाताऱ्या रिक्षावाल्यामुळे. माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. एक दिवस त्याची रिक्षा समोरच्या दुकानापुढे उभी. मी हाक मारून विचारलं, तर म्हणतो, "नातवाला धावती बत्ती पायजे. तुज्याकडं ती नाय ना. आमी काय करू?" रिक्षाच्या मागच्या बाजूला समोरच्याची पट्टी लागली, पुढचे बल्ब तेवढे माझे राहिले. मी हसून दाखवलं. दुपारचा डबा मात्र तसाच घरी नेला.

दुसऱ्या दिवशी मी आरटीओत गेलो. तिथले एक इन्स्पेक्टर मला ओळखायचे. मी चेहरा गंभीर करून म्हणालो, "साहेब, हे धावते दिवे बघून मागच्याला कळत नाही, गाडी वळतेय की वरात निघालीय. कुणाचा तरी जीव जाईल." बोललो त्यातलं निम्मं खरं होतं. कळवळा मात्र सगळा खोटा होता.

आठवड्याभराने साहेब सकाळीच स्टँडवर आले. रिक्षा ओळीने उभ्या करून सगळ्यांना इंडिकेटर चालू करायला लावले. मी चहाचा ग्लास घेऊन पायरीवर तमाशा बघायला उभा. साहेबांनी घड्याळ लावून धावत्या पट्टीची उघडझाप मोजली, लांब जाऊन उन्हात ती दिसते का तेही पाहिलं. म्हणाले, "रंग पिवळा आहे, वेग बरोबर आहे. या धावण्याचं काय करायचं ते मी वर लिहून विचारतो. तोवर नव्या बसवू नका." समोरच्याने मान डोलावली. निळे-पांढरे दिवे मागणाऱ्या पोरांना तो सरळ परत पाठवायचा, हे मला त्या दिवशी कळलं.

मग साहेब रिक्षांच्या पुढच्या बाजूला आले आणि थांबले. "हा पांढरा कसा काय?"

रिक्षांच्या इंडिकेटरला पांढऱ्या काचांची फॅशन आली तेव्हा आतला बल्ब पिवळा लागायचा. तो आणायला मुंबईला जावं लागे, आणि मला तेवढा उत्साह नव्हता. मी साध्या बल्बला बायकोचं नारिंगी नेलपॉलिश लावायचो. दोन हात मारले की ओळखू यायचं नाही. या युक्तीवर मी फार खूश होतो. बल्बच्या उष्णतेने ते करपून गळतं, हे मी कधी बघायलाच गेलो नव्हतो. सात रिक्षांचे इंडिकेटर पांढरेफटक लुकलुकत होते.

"काम कुणाचं?" साहेबांनी विचारलं. रिक्षावाले सगळे जमिनीकडे बघत राहिले. साहेबांनीच माझ्याकडे पाहिलं. "तक्रार घेऊन तुम्हीच आला होतात ना? संध्याकाळपर्यंत यांचे बल्ब बदलून द्या." सगळ्या स्टँडने ऐकलं. समोरच्यानेही ऐकलं.

दुकानात पिवळा बल्ब एकही नव्हता. मी उगाच खोकी उपसत होतो. तेवढ्यात समोरचा दुकानदार रस्ता ओलांडून आला आणि माझ्या काउंटरवर बल्बांचा डबा ठेवला. "गिऱ्हाइकं तुमची आहेत उस्ताद, तुम्हीच लावा," एवढंच बोलून गेला. त्या दिवशी चहा आला नाही.

काचच पिवळी असलेले, एकसारखे बल्ब होते ते. सहा रिक्षा झाल्या. सातवा तो खाडीकडचा म्हातारा. सकाळी साहेब गेल्यावर तो भाडं घेऊन निघून गेला होता, त्यामुळे डब्याचं त्याला काही ठाऊक नव्हतं. मी बल्ब बसवला, इंडिकेटर दिला. तो वाकून बघत राहिला.

"बेस हाय रं," तो म्हणाला. "कुटून आनलास?"

समोरचा दुकानदार पट्ट्या गुंडाळून ठेवत होता. एवढ्याशा रस्त्यापलीकडे सगळं ऐकू जायचं. खरं सांगायला दोन शब्द पुरले असते.

"माझ्याकडचाच आहे," मी म्हणालो.

समोरच्याने मान वर केली नाही. पट्ट्या गुंडाळत राहिला.