निळा डबा घेऊन भंडारदऱ्याला

रविवारी सकाळच्या एसटीने नगर सोडलं तेव्हा आम्ही तिघं होतो. मी, माझा नवरा समीर आणि मांडीवर निळा डबा. डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये माझी इंजेक्शनं. टेस्ट ट्यूब बेबीचे तीन प्रयत्न फसले होते. चौथा करायचा तर आज संध्याकाळी पहिलं इंजेक्शन टोचायचं, नाहीतर डॉक्टरांना ‘नको’ म्हणून कळवायचं. घरात काही केल्या ठरेना. धरणाकाठी बुद्धी जास्त चालते, असा समीरचा समज आहे, म्हणून ही सहल.

अकोले स्टँड येईपर्यंत शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, “कुल्फी हाय का?” पुढे जीप. ड्रायव्हरने आम्हाला मागे कोंबलं आणि डबा मात्र स्वतःशेजारी बसवला. “सरकारी माल हाय,” म्हणाला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मुक्कामाच्या घरी जेवायला तांदळाची भाकरी आणि खुरासणीची (म्हणजे आपल्या कारळ्यांची) चटणी. समीरने चार भाकरी हाणल्या. बुद्धीचं नाव नाही. हात धुवायला बाहेर आले तर अंगणात अकरा पोरं रांगेत उभी, मागे त्यांच्या आया.

“डोसवाल्या बाई आल्या!”

जीपवाल्याने गावभर पोलिओची दवंडी पिटली होती. एका पोराने समीरसमोर आ वासला. समीरने गोंधळून आत डोकावलं आणि म्हणाला, “दात छान आहेत.” दुसऱ्याने करंगळी पुढे केली, तर या गृहस्थाने बॉलपेनने खूणसुद्धा केली! मी कोपराने ढोसलं, तेव्हा थांबला.

“मंग डब्यात हाय तरी काय?” एका आजीने विचारलं.

चार वर्षं नातेवाइकांना थापा मारल्या होत्या. पण अकरा उघड्या तोंडांसमोर थाप सुचेना.

“मूल व्हायची इंजेक्शनं आहेत. माझी.”

आता ‘दोष कुणात?’ येणार, म्हणून मी अंग चोरलं. आजी जवळ आली. “लई दुखतं का गं बाय?”

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“छे हो, सवय झालीय.”

“लई दुखतं, आजी,” मागून समीर म्हणाला. “हिला कुशीवर वळता येत नाही. हिला वाटतं, मी झोपलेला असतो.”

मला त्याचा भयंकर राग आला आणि रडूही आलं. म्हणजे चार वर्षं मी हसण्याचं सोंग करत होते आणि हा झोपेचं.

“बास करू या?” मी विचारलं.

“मूल मला हवंय,” तो म्हणाला. “पण बास.”

रेंज फक्त गोठ्यामागे येत होती. मी डॉक्टरांना ‘नको’ सांगत असताना म्हैस एवढी रेकली, की मला ते तीनदा ओरडून सांगावं लागलं. तिसऱ्यांदा आवाज फुटला. धरण बघायचं राहूनच गेलं.

सोमवारी परतीच्या एसटीत समीर माझ्या खांद्यावर झोपला. या वेळी खरा, कारण घोरत होता. संगमनेरपर्यंत मी पोटभर रडून घेतलं. तो दचकून जागा झाला.

“खांदा दुखतोय?”

“हो,” मी म्हणाले. “पण डोकं काढू नकोस.”