रबडीवरून शहर ओळखणारा अण्णा

अण्णा गेल्याची बातमी घेऊन नाना स्वतःच आला. दारात उभा राहून म्हणाला, "ताई, अपना अण्णा गेला…" मी नानाकडेच बघत राहिले. या धाकट्या भावाची धास्ती आम्ही वर्षानुवर्षं घेतली, आणि गेला तो धडधाकट थोरला. त्याला आता महिना होईल.

अण्णा संस्थानच्या दरबारी आबकारी खात्यात होता. आमच्या लश्कर शहरात कुठल्या गल्लीत चोरटी नशा वाढते आहे, हे वर कळवायचं काम त्याचं. विचारून लोक खरं थोडंच सांगणार? म्हणून हा पठ्ठ्या टोपी बाजारापासून थेट दाल बाजारापर्यंत हलवायांकडे गप्पा मारत बसायचा. अफूबाजाला गोडाची तल्लफ फार. एखाद्या गल्लीत रबडी एकाएकी जास्त खपू लागली की तिथे अफू पोचली, असं तो धरायचा. रबडी पडून राहिली आणि पानवाल्याकडे झुंबड उडाली की म्हणायचा, "आता पानातून कोकेन आलं." मला भारी नवल वाटे. "आणि सणवार असले तर?" मी छेडायची. "ते दिवस सोडून धरतो, शहाणे," म्हणायचा. हलवायाकडे नुसतं बसता येत नाही, त्यामुळे घरात मिठाई कायम असे, आणि गोड खाणारं कोणी नसे.

एकदा मी माहेरपणाला आले होते. मला पेढे द्यायला अण्णाने फडताळ उघडलं, तर द्रोण रिकामा. "मीच खाल्ले," नाना म्हणाला. ठेच्यावाचून ज्याला घास उतरत नसे, तो नाना… अण्णाचा चेहरा उतरला.

जेवणं झाल्यावर अण्णा शांतपणे म्हणाला, "नाना, उद्या मी आपल्या गल्लीचं नाव कळवणार आहे. घरोघर झडती होईल. घरात काय ठेवायचं ते तू बघ." नानाने आतून अफूची डबी आणली आणि त्याच्यापुढे आदळली. पुढचे दिवस फार वाईट गेले. नाना तळमळायचा, अण्णाला नाही नाही ते बोलायचा, आणि अण्णा रजा काढून त्याचे पाय चेपत बसायचा. नाना त्यातून उठला. झडती मात्र कधी आलीच नाही.

अण्णाने नाव खरंच कळवलं होतं का? हे विचारून मी त्याला भंडावून सोडलं होतं. तो सुपारी कातरत राहायचा. परवा मात्र राहवलं नाही, नानालाच विचारलं, "तुला तरी सांगितलं होतं का रे त्याने?"

"मी कधी विचारलंच नाही, ताई. डर वाटायचा," नाना म्हणाला. "नाही कळवलं म्हणाला असता… तर मी पुन्हा अफू खायला लागलो असतो."